पडद्यावरची बायको

“धर ना पाय. पिक्चरमध्ये ती धरते तसे धर.”

ठेकेदारीणबाई वेताच्या खुर्चीत बसून मला म्हणाल्या. आलापल्लीतल्या त्यांच्या बंगल्याची पडवी. भर दुपार. बाई, ठेकेदार आणि नागपूरहून आलेले चार पाहुणे. समोर अंगणात माझा नवरा, त्याला सकाळपासून पाजून ठेवलेलं. आणि मी. मला भांड्यांवरून उठवून आणलं होतं. हाताची राख तशीच.

मी नवऱ्याचे पाय धरले.

नवऱ्याने कपाळावर केस ओढले, मान एका बाजूला टाकली आणि सिनेमातलं गाणं म्हणायला लागला. तोल गेला, तसा माझ्या अंगावरच पडला. पाहुणे पोट धरून हसले.

“वा! पुन्हा एकदा,” त्यातला एक म्हणाला.

आम्ही पुन्हा केलं.

माझा नवरा याच ठेकेदाराकडे आरा, म्हणजे लाकूड चिरायची मोठी करवत, चालवायचा. सागाचा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा आणि एकाने वर, एकाने खाली उभं राहून तो चिरायचा. हा वरचा. रेघेवरून आरा केसभर हलायचा नाही. पण आरा ठेवला की मोहाची दारू. आमची पोरगी वच्छी तेव्हा सहा वर्षांची होती. बाप आला की ती कणगीमागे जाऊन बसायची. कोणी शिकवलं नव्हतं.

त्या साली धान निघाल्यावर गावाबाहेर तंबूचा सिनेमा आला. बाईंनीच मला पाठवलं. “जा, बघून ये. काहीतरी शिकशील.”

नवरा-बायको दोघंही गेलो. पडद्याच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. सिनेमातला नवरा दारुड्या होता. दिसायला देखणा. पिऊन झाडाखाली गाणं म्हणायचा. त्याची बायको दिवा घेऊन दारात उभी राहायची. एकदा त्याने तिला थोबाडीत मारली, तर तिच्या डोळ्यांतून एकच थेंब आला. शेवटी तिने पाय धरले. तो रडला. बाटली फोडली. तंबूतल्या सगळ्या बाया रडत होत्या. मीही रडले. पण एक सांगते. आम्ही तिच्यासाठी रडलो नाही. त्याच्यासाठी रडलो. केवढं दुःख म्हणून पितो बिचारा!

वाटेने नवरा म्हणाला, “पाह्यलं का? असा सुधरते मानूस. बायको तशी पायजे.”

मला ते खरं वाटलं. महिनाभर मी तशी झाले. दारात दिवा घेऊन उभी राहिले. तोंडातून एक शब्द काढला नाही. पाय धरले. पहिले दोन दिवस तोही रडला. महिन्याच्या शेवटी एका रात्री म्हणाला, “तिच्यावानी रड ना. तुयं रडनं पाहून मले काईच होत नाई.” आणि लाथ मारली. समोरचा दात पडला.

सिनेमातल्या दारूला वास नव्हता. तो नवरा कधी ओकला नाही. त्याच्या बायकोने ओलं धोतर धुतलं नाही. तिला पोर नव्हतं, कणगीमागे बसायला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं तोंड बघून विचारलं. मी सगळं सांगितलं. मोकळेपणाने सांगितलं, बाईमाणूस म्हणून. त्या म्हणाल्या, “तुझ्यातच काहीतरी कमी असेल. तिने सुधारलाच ना नवरा?” मग त्यांना हसू आलं. “म्हणजे तू खरंच दिवा घेऊन उभी राहिलीस?”

पुढच्याच रविवारी आम्हाला पडवीसमोर उभं केलं.

तर दुसऱ्यांदा पाय धरून झाले. ठेकेदाराच्या हातातही पेला होता. पण तो विलायती, म्हणून त्याला कोणी दारुड्या म्हणत नव्हतं. तो म्हणाला, “आता ते थोबाडीतलं करा.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हात अडखळेल. अडखळला नाही. खरीच मारली. ओठ फुटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. पडवीच्या पायरीवर चढले. त्या पायरीवर मी झाडू घेतल्याशिवाय कधी पाय ठेवला नव्हता. बाईंच्या समोर तोंड उघडलं.

“बाईसाहेब, हा दात पाहा. मी पाय धरले तवा यानं पाडला. हे तुमच्या पिक्चरमंधी काऊन नाई दाखवत?”

“आवाज खाली. पाहुणे बसलेत.”

“पाव्हन्यायलेच सांगून राह्यली मी. मायं रगत पाहून टाळ्या वाजवल्या त्यायनं.”

कोणी हसलं नाही. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, ठेकेदाराच्या पेल्याकडे बघत होत्या. ठेकेदार एवढंच म्हणाला, “उद्यापासून ही इथे दिसायला नको.”

माझ्या नवऱ्याने हात जोडले. माझ्यासाठी नाही. “माफी करा मालक. बाईची अक्कल.” आणि फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाला, “चांगलं चालून राह्यलं होतं आपलं.”

त्याची लाथ मी विसरेन कदाचित. हे वाक्य नाही.

काम गेलं. विहिरीवर बाया म्हणाल्या, घरातलं झाकायचं सोडून दहा लोकांत सांगून आली. ‘बरं केलंस’ असं एकीनेही म्हटलं नाही. त्यातल्या दोघींच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेले होते, तरी नाही.

नवरा जात राहिला. पाहुणे आले की त्याला बोलावणं यायचं. तो एकटाच करून दाखवायचा. मग हात थरथरायला लागले. ओंडक्यावर उभं राहता येईना. वर दुसरा आरेकरी आला आणि बंगल्यावरचं बोलावणंही बंद झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात तो मेला. डोळे पिवळे, पोट टम्म. लोक म्हणाले, बायकोनं सांभाळला असता तर वाचला असता.

मी मोहफुलं वेचते. त्याचीच दारू होते, हे मला ठाऊक आहे. दुसरं काम कोणी दिलं नाही.

वच्छी चौदाची झाली तेव्हा माझा भाऊ ब्रह्मपुरीकडचं स्थळ घेऊन आला. बारा महिने पुरेल एवढं धान, पोरगा कामाचा. “थोडी घेते म्हनतात,” भाऊ म्हणाला. “बायको आली का सुटंल.”

वच्छी आत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

“नाई,” मी म्हटलं.

“काऊन? सगळेच घेतात. पोरीले घरी ठेवतं का जलमभर?”

“ठेवीन.”

भाऊ न जेवता उठून गेला. दोन वर्षं झाली, आला नाही. त्यानंतर स्थळही आलं नाही. वच्छी माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर पोरं आहेत. तिचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. चांगलं होईल असं वाटत नाही.

तरी उद्या कोणी दारात आलं, तर मी हेच सांगणार. माझी पोरगी कोणाची दारू सोडवायला जन्मलेली नाही.