चेंबरमधला तिसरा आवाज

मी बोईसरला राहतो. समुद्रात काम करणाऱ्या डायव्हर्सचं प्रेशर चेंबर चालवायचो. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय...

तारापूरसमोर, समुद्रात बरंच आत, आमच्या ठेकेदाराची टग बोट उलटून बुडाली. इंजिन रूममध्ये हवा अडकली होती, तिच्यावर तीन खलाशी दुसऱ्या दिवशीही जिवंत होते. पण इतका वेळ खोल पाण्यात राहिलेल्या माणसाला सरळ वर आणायचं नसतं. रक्तात मुरलेली हवा बुडबुडे होऊन सुटते आणि माणूस जातो. त्याला बेलमधून, म्हणजे पाण्यात सोडायच्या बंद टाकीतून, तेवढ्याच प्रेशरखाली, चेंबरमध्ये आणायचं आणि काही दिवस घेऊन प्रेशर हळूहळू उतरवायचं.

बचावाचं काम बघणाऱ्या आमच्या साहेबांना हे सगळं पाठ होतं. तरी किनाऱ्यावर टीव्हीवाले जमले म्हणून बेल यायच्या आधीच त्यांनी एकाला वर काढायला लावलं. तो हरेश, इथल्याच कोळीवाड्यातला. डेकवर माझा हात धरून म्हणाला, पाय कळत नाय. चेंबरपर्यंत पोचलाच नाही.

उरलेले दोघे बिहारचे. ते बेलमधून नीट आले. ते चेंबरमध्ये आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, वरून फोन आलाय, संध्याकाळी दोघं बाहेर दिसले पाहिजेत. मी नाही म्हटलं. त्यांनी मला बाजूला सारलं, प्रेशर सोडायच्या व्हॉल्व्हवर स्वतः हात ठेवला — आणि आतलं बोलणं ऐकवणाऱ्या स्पीकरवरून आवाज आला.

“घाय करू नको, भाऊ. माजं काय झालं, बगितलंस ना?”

मी काचेतून पाहिलं. दोघंही गाढ झोपलेले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. हात काढून घेतला आणि बाहेर गेले. मी प्रेशर ठरल्याप्रमाणेच उतरवलं. दोघं आपल्या पायांनी चालत घरी गेले.

हरेश हार्ट अटॅकने गेला, असं सांगण्यात आलं. चौकशीत मी घडलं ते सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, आवाजबिवाज काही नव्हता, ऑपरेटरची झोप झाली नव्हती. माझी नोकरी गेली, त्यांना बढती मिळाली.

हरेशच्या बायकोला, भारतीवहिनींना, मी घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, तेवढाच आधार. त्या बोंबील वाळत घालत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकलं.

“तुमच्याशी बोलले,” त्या म्हणाल्या. “माज्याशी का नाय बोलले?”

त्या आवाजाचा उलगडा मला आजही झालेला नाही.