काकाजींनी न घेतलेले पैसे

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट विकत घेतलं नाही. जे लागलं तेही त्यांनी मागितलेलं नव्हतं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. त्या हिंगणघाटला माझ्या नणंदेकडे राहून बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी परत येत होत्या. निघताना नणंदेने खर्चाला म्हणून एक नोट त्यांच्या हातात ठेवली. बसस्टँडवरच्या पानठेल्यातून त्यांनी बडीशेपेची पुडी घेतली, तर ठेलेवाल्याकडे चिल्लर नव्हती. उरलेल्या पैशांत त्याने एक लॉटरीचं तिकीटही लावून दिलं. त्या नको म्हणाल्या, पण गाडी लागली होती आणि मागचे लोक ढकलत होते.

घरी आल्यावर त्यांनी ते तिकीट ह्यांना दिलं, ते ठेलेवाल्याने कसं फसवलं हे दाखवायला. हे शाळेत मास्तर. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि पुढे एकदा कटिंगच्या दुकानात बसल्या बसल्या पेपरातल्या निकालाशी जुळवून पाहिलं. पहिलं बक्षीस नव्हतं, पण आमच्यासारख्यांचं घर एकदा विस्कटायला पुरेल एवढं होतं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग हे पैसे कोणाचे?"

"तुझेच. अजून कोणाचे?" हे म्हणाले.

"नोट त पोरीची होती."

आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण ही बातमी हिंगणघाटला पोचली तेव्हा नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, त्यांचा सरकीचा व्यापार, अर्धं गमतीत म्हणाले की भांडवल माझ्या गल्ल्यातलं, म्हणजे नफ्यातही माझा वाटा. सासूबाईंनी ते पूर्ण खरं मानलं. कर कापून पैसे आले तसे त्यांनी अर्धे नणंदेला देऊन टाकले. नणंदेने घेतले आणि मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. आईने हे प्रेमाने दिलं की नवऱ्याच्या बोलण्यावरून हिस्सा म्हणून मोजून दिलं, हे तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, आईलाच विचार. ती काही विचारायला गेली नाही. नंदोयांनी त्या पैशांत गोदामावर नवे पत्रे टाकले.

उरलेले अर्धे सासूबाईंना दान करायचे होते, आणि कुठे, हेही ठरलेलं होतं. गावाबाहेर निराधार मुलींची एक संस्था होती. देवळीकडचं आमचं शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलेलं. दरवर्षी तूर आली की पोत्यात भरून त्यातला एक कट्टा सासूबाई त्या संस्थेला पाठवत. संस्था एक म्हातारे गृहस्थ सांभाळायचे. खादीचा सदरा, बारीक आवाज. मुली त्यांना काकाजी म्हणत, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणायचो. कट्टा घ्यायला ते स्वतः फाटकापर्यंत यायचे.

मी सासूबाईंबरोबर गेले. काकाजींनी गूळ-पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे पैसे मला घेता येणार नाहीत."

सासूबाईंना वाटलं, कागदपत्रांची काही अडचण असेल. तसं नव्हतं. इथल्या काही मुलींचे बाप ह्याच तिकिटांच्या नादात घरदार घालवून बसले आहेत, असं त्यांनी सांगितलं. एकाला लागतं ते हजारांचं गेलेलं असतं. त्याच पैशांचं अन्न ह्या मुलींना कसं वाढू, असं त्यांचं म्हणणं.

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माही तूर मंग काऊन घेता?"

"ती तुमच्या कष्टाची आहे."

"माह्या कष्टाची कुठं, काकाजी? राबते त बटईवाला. मी त पेरणीलेही जात नाई."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. काकाजींनी पडवीत दाळ पाखडणाऱ्या मुलींकडे पाहिलं. म्हणाले, ह्यावर मला विचार करावा लागेल.

परतताना ऑटोत बसले तेव्हा मला काकाजींचं पटलेलं होतं. घर आलं तोवर सासूबाईंचं पटायला लागलं. हे म्हणाले, एवढं काय, देवळात देऊन टाका. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरीइले जे चालत नाई, ते देवाले कसं चालन?" पैसे बँकेत पडून राहिले.

मग संस्थेचे एक विश्वस्त स्कूटरवर घरी आले. गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. संस्था काही एका माणसाची नाही, असं ते म्हणाले. विहीर आटली आहे, मुली घागरी घेऊन लांब जातात, आणि म्हातारा तत्त्व सांगत बसला आहे. सासूबाईंनी एकच विचारलं, पोरी पाणी कुठून आणतात? त्यांनी सांगितलं. त्या उठल्या, चेकबुक आणलं आणि सही केली.

त्या पैशांतून संस्थेने बोअर खोदली. पाणी चांगलं लागलं. आणि थोड्याच दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं की काकाजी संस्था सोडून चालले. अर्धं आयुष्य त्यांनी तिथे काढलं होतं. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. अंगणातल्या बाजेवर पडून राहिल्या.

जाण्याआधी काकाजी आमच्याकडे आले, कापडी पिशवी खांद्याला लावून. देवळीला पुतण्याकडे राहायला जात होते. सासूबाईंनी मनाला लावून घेऊ नये, एवढं सांगायलाच वाकडी वाट केली होती. पाणी लागलं, मुलींचे हाल वाचले, ह्याचा त्यांना खरोखर आनंद दिसत होता.

"मंग तुमी काऊन चालले?" सासूबाईंनी विचारलं.

"मला ते पाणी पिणं जमणार नाही. आणि मुली पीत असताना मी तिथेच राहून प्यायचं नाही, हा त्यांचा अपमान होईल."

"म्हंजे चूक माही झाली."

"नाही बाई."

"मंग तुमची?"

"माझीही झाली असं वाटत नाही."

"मंग झाली कोणाची?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. काकाजींनी उत्तर शोधायचा मनापासून प्रयत्न केला, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "ते मलाही कळत नाही," ते म्हणाले. मग चहा प्याले, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि देवळीची बस धरली.

त्यानंतर बटईवाल्याकडे गेल्या की सासूबाई काकाजींच्या पुतण्याच्या किराणा दुकानात थांबायच्या. दोघं बाकावर बसून बोंडअळी, तुरीचा भाव, गुडघेदुखी असं बोलत. बोअरचा विषय दोघंही काढत नसत. तुरीचे आता दोन कट्टे जायचे, एक संस्थेला आणि एक काकाजींना. काकाजी तो घ्यायचे.

पुढे काही वर्षांनी सासूबाई गेल्या. काकाजी तेरवीला आले, पंगतीत बसून जेवले. त्यानंतर संस्थेकडून निरोप आला की बोअरजवळ सासूबाईंच्या नावाची पाटी लावायची आहे, घरच्यांची संमती हवी. ह्यांना आनंद झाला. मला हो म्हणावं की नाही, कळेना. मी देवळीला जाऊन काकाजींनाच विचारलं.

ते पटकन म्हणाले, "लावा की. दान त्यांचंच आहे." मी चप्पल घालत होते तेवढ्यात त्यांनी हाक मारली. म्हणाले, "थांबा जरा. मुली वाचतील, विचारतील, पैसे कुठून आले. तेव्हा काय सांगायचं?" मग पुन्हा, "नाही, तुम्ही लावा." पायरी उतरेपर्यंत त्यांचं मत आणखी एकदा बदललं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, संस्थेला म्हणावं, विचार करून कळवतो. आम्ही अजून कळवलेलं नाही, आणि संस्थेनेही पुन्हा विचारलेलं नाही.