वंदनाच्या गोष्टीतली पेटी

दहा-बारा बायका वाकलेल्या, पाठीवर निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या पन्न्या, पोटरीपर्यंत चिखल… आणि सगळ्यांचे हात पाण्यात तसेच थांबलेले. मुठीत भाताची कोवळी रोपं, अंगठा मातीत अर्धा रुतलेला, पण कुणी ते रोप लावत नाही, कुणी पाऊल मागे घेत नाही. आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचा तो ओला, करडा उजेड, चिखलाचा उग्र-गोड वास, पन्नीवर टपटपणारं पाणी – आणि त्या साऱ्या स्तब्धतेच्या मधोमध एक अकरा वर्षांची काळीसावळी पोर, डोक्यावरची रोपांची पेंडी सावरत, जगाची घाई नसल्यासारखी गप्प उभी. ती वंदना. आणि बांधावर, तिच्याकडे बघत, दातओठ खाणारी दुसरी पोर म्हणजे मी.

आज मी कथा-कादंबऱ्या लिहून पोट भरते. रहस्यकथा लिहिल्या, प्रेमकथा लिहिल्या, दोन भयकथाही लिहिल्या. एक कौटुंबिक कादंबरी तर आठवड्या-आठवड्याने हप्त्यांनी वाचली गेली. कुठे बोलायला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, वाचक शेवटपर्यंत खिळून राहतो तो कशाने हो? मी दोन-चार विद्वत्तापूर्ण वाक्यं फेकते, लोक माना डोलावतात. आणि दर वेळी माझ्या पोटात ती जुनी आग एकदा भडकून जाते, कारण याचं खरं उत्तर मला ठाऊक आहे, ते वंदनाच्या मालकीचं आहे, आणि तिने ते कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या देवळापासून दोन कोसांवर. धानाचा मुलूख. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की शाळेचे वर्ग रिकामे पडत, आणि गावातल्या सगळ्या बायका आज याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तर उद्या त्याच्या, अशा रोपं लावत फिरत. कुठल्या बांधीत आधी जायचं हे त्या बायकाच ठरवत. भल्याभल्यांना त्यांच्या विनवण्या कराव्या लागत. आम्ही पोरी रोपांच्या पेंड्या उचलून त्यांच्या हाताशी द्यायचो. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून लाखोळीच्या डाळीबरोबर भात खायचा, पळसाच्या पानावरून वरण ओघळून कोपरापर्यंत यायचं, ते चाटायचं… त्या डाळीचा वास आजही आला की माझी पाठ आपोआप दुखायला लागते.

पुस्तकं वाचायची मी. शाळेतल्या लोखंडी कपाटाला वाळवीचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता, आणि त्या वासात नाक खुपसून मी कव्हर नसलेली, कोपरे झिजलेली पुस्तकं एकामागून एक फस्त केली. वंदनाला वाचनाचा कंटाळा. "तू वाच नं वं, मी आयकते," म्हणायची आणि तिच्या घराच्या पडवीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, मांडी घालून बसायची. मी सांगायची. सगळं नीट, क्रमाने, आणि बरेचदा शेवट आधीच – कारण शेवट मला माहीत आहे आणि तिला नाही, हे कधी एकदा दाखवीन असं मला होई!

आणि मग तीच गोष्ट ती बांधीत सांगायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण तिच्या तोंडून ती गोष्ट ओळखू येत नसे. तुळसाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला देवाधर्माचं हवं असे. नव्या सुनांना प्रेमाचं. कुणाला भुताचं, कुणाला सासू-सुनेचं. वंदना प्रत्येकीला तिचं तिचं थोडं द्यायची, आणि बांधीची कड आली, बायकांच्या टाचा धुऱ्याला लागल्या, की नेमकी तिथे गप्प व्हायची. भूत दाराशी आलेलं असो की नवरा रुसून निघालेला असो. "आता उद्या," एवढंच. बायका शिव्या घालायच्या, लाडीगोडी करायच्या, तुळसाबाई तर पेंडी फेकून मारायची. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या त्याच बांधीत हजर. तिचा एक नियम होता – ज्याच्या बांधीत गोष्ट लागली, तिथेच ती संपायची. एका बांधीत रोवलेलं उपटून दुसरीत नेत नाहीत, तसं.

मला तिचा हेवा वाटायचा… छे, हेवा हा फार सभ्य शब्द झाला. मी जळायची. गोष्ट माझी, कपाट धुंडाळलं मी, डोळे फोडले मी, आणि "वंदे, सांग नं वं" हे मात्र तिला. मी एकदा सांगायला लागले तेव्हा तुळसाबाईने जांभई दिली होती. ती जांभई मी अजून विसरलेले नाही.

त्या वर्षी गोष्ट लागली ती आमच्याच बांधीत, आणि ती होती पेटीची. पुस्तकात कुठल्याशा दूरच्या शहरातली होती. वंदनाने ती उचलून थेट मार्कंड्याच्या घाटावर आणून ठेवली. एक माणूस नावेत बसून परदेशी जातो, जाताना बायकोच्या हाती कुलूपबंद पेटी आणि चावी देतो, म्हणतो, मी आल्याशिवाय उघडू नकोस. एक वर्ष जातं, दुसरं जातं. सासू टोमणे मारते, दीर पेटीवर डोळा ठेवतो, गावात कुणी म्हणतं सोनं आहे, कुणी म्हणतं करणी आहे. बारा वर्षं! दोन दिवस वंदनाने ती बारा वर्षं अशी ओढली की बायका भाकरी खाताना, पाणी भरताना पेटीबद्दल भांडायच्या. माझी आईसुद्धा. "अवं, तिनं उघडाले पायजे होती पयल्याच वर्सी," असं ती चुलीपुढे एकटीच पुटपुटली, आणि मला वाटलं, आता घरातही हीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाई चावी घेऊन पेटीपुढे बसली. वंदनाने तिचे थरथरणारे हात सांगितले, गंजलेलं कुलूप सांगितलं, चावी फिरल्याचा आवाज सांगितला… आणि बायकांच्या टाचा धुऱ्याला लागल्या. वंदना थांबली. सुरुवातीला सांगितले ते थांबलेले हात त्या क्षणाचेच. आमची बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, खालची मोठी बांधी तेवढी राहिली होती आणि तिच्यासाठी उपटलेल्या रोपांच्या पेंड्या पाण्यात रचून ठेवलेल्या होत्या. "आता उद्या, मोठ्या बांधीत," ती म्हणाली.

आणि मी ओरडले, "पेटीत काईच नाई! रिकामी हाय थे! मी वाचलं हाय!"

मग तुळसाबाईने मुठीतली रोपं चिखलात टाकली. "हात्तीच्या! इतकंच?" ती म्हणाली. बायकांनी पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि एकेक करून चालू लागल्या. वंदनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र जिंकल्यासारखी मान ताठ करून उभी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण कळायला एक रात्र जावी लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत एकही बाई आली नाही. गावाच्या वरच्या अंगाला रोवणा लागला होता, सगळ्या तिकडे गेल्या. इथे आता होतं काय? आई, बाबा आणि मी, तिघांनी दिवसभर रोवलं तेव्हा मोठ्या बांधीचा एक कोपरा हिरवा झाला. उपटलेली रोपं पाण्यात मऊ पडायला लागली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर ती कुजली असती, आणि आमच्या वर्षाच्या भातातला निम्मा भात त्या एका बांधीचा होता. आईने मला मारलं नाही. कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पेटी तुही होती का वं, उघडाले?"

संध्याकाळी तिने मला वंदनाकडे पाठवलं. वंदना सुपात डाळ निवडत होती. माफी मागायची हे मला कळत होतं, पण जीभ वळेना. "आई बलावते," एवढंच म्हणाले.

"परे उपटून ठेवले हाय का?" तिने विचारलं. ती रोपांना परेच म्हणायची.

"हो."

तिने सूप बाजूला ठेवलं, ती उठली आणि थेट हातपंपावर गेली, मी मागोमाग. तिथे सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. वंदना म्हणाली, "सुनंदीनं सांगलं थो शेवट खोटा हाय. पुस्तकाचं आखरीचं पान फाटलं हाय. तिले काय मालूम?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पान फाटलेलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं होतं. मी खरं बोलले होते हो! आणि आता त्या बायकांच्या घोळक्यात मला मान खाली घालून म्हणावं लागलं, "हो. फाटलं हाय." आयुष्यात इतका कडू घास मी दुसरा गिळलेला नाही.

सकाळी दिवस निघायच्या आत बांधी बायकांनी भरली. आईने मला घरी ठेवलं. "तुहं तोंड आज तिथी नको," म्हणाली. मी चुलीपुढे बसून भात शिजवला, धुराने डोळे भरले ते पुसले, धुराने न भरलेलेही पुसले. दुपारी पाटी डोक्यावर घेऊन गेले तर बांधी अर्ध्याच्या वर हिरवीगार, आणि धुऱ्यावर बसलेल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. तुळसाबाई नाक शिंकरत होती. गोष्ट संपली होती.

"काय होतं पेटीत?" मी विचारलं.

"तुले तं मालूमच हाय!" तुळसाबाई म्हणाली, आणि रडता रडता सगळ्या खदखदून हसल्या.

कुणीच सांगितलं नाही. आधी ती थट्टा होती, मग तो गावाचा कायदाच झाला. शिकायला नागपूरला गेले, तिथेच राहिले. दर सुट्टीत विचारत राहिले. तुळसाबाई गेली. आई आजारी असताना तिच्या उशाशी बसून मी विचारलं, तर तिच्या सुकलेल्या ओठांवर तेच हसू आलं. "वंदनाले इचार," म्हणाली. आईही गेली. घर विकलं. गावात माझं म्हणून काही उरलं नाही, तरी रोवण्याच्या दिवसांत दर वर्षी दोन दिवस मी जाते, चिखलात पाय घालते, पाठ मोडून घेते. वंदना गावातच दिलेली. तिच्याच घरी उतरते. माझी पुस्तकं तिने चाळलीत. "चांगलं लिवते तू. पण लवकर सांगून टाकते," असं तिचं मत. मी जळते ती अजूनही जळतेच! एकदा चिडून म्हटलं, तीस वर्षं होऊन गेली, आता तरी सांग. ती शांतपणे म्हणाली, "सांगलं तं तू येशीन काऊन?"

यंदा गेले तेव्हा ती बांधीत नव्हती. पडवीत बाजेवर पडलेली, हात काटकीसारखे, आवाज खोल गेलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. पुढचं ते काही बोलत नाहीत. समोरच्या बांध्यांतून रोपांचा, चिखलाचा तोच वास येत होता. मला जवळ बसवून ती म्हणाली, "ये. आज सांगून टाकते तुले."



"बारा वर्सानं तिनं कुलपात चाबी फिरवली," ती म्हणू लागली, तोच जुना सूर, धाप लागलेला. "झाकण वर केलं… अन् आत पायते तं…"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "थांब. धुरा आला. आता पुढच्या रोवण्याले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या तळव्याखाली तिचे ओठ हलले, ती हसत होती. हसता हसता खोकला आला, डोळ्यांना पाणी आलं. "आलं वं तुले," म्हणाली. "इतक्या वर्सानं का होईना, आलं."

आता मी तिला रोज फोन करते. ऑपरेशनला तिच्या उशाशी मीच असणार आहे. औषध घेतलं का, जेवली का, एवढंच बोलतो. पेटीचं ती काढत नाही, मीही नाही. फोन ठेवताना ती म्हणते, "रोवण्याले येजो वं."

मी म्हणते, "येते. तू राह्यजो."