राजासाठीची विनंती

पोरांनो, तुमच्या शाळेच्या पुस्तकात अमेरिकेतल्या जुन्या पाद्र्यांवर दोन ओळी आहेत. देश स्वतंत्र व्हायला निघाला, तरी ते इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना करत राहिले. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते फितूर होते का. त्यांच्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. पण अशाच एका पाद्र्याच्या घरात मी वाढले. ते माझे वडील.

बेचाळीस साली काष्टीजवळच्या एका खेड्यात त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, होती. बहुतेक सगळे शेतकरी. त्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ काष्टीच्या बाजारात ‘चले जाव’ची पत्रकं वाटताना पकडला गेला आणि तुरुंगात गेला. त्याच शनिवारी मंडळीतले चौघे आमच्या ओट्यावर आले.

त्यांतले म्हातारे पंच म्हणाले, “पाद्रीबाबा, उद्यापास्नं प्रार्थनेतनं राजाचं नाव गाळा. न्हाईतर तुमची बदली मागतो.”

“पाद्रीपदाची दीक्षा घेताना मी पुस्तकावर हात ठेवून राजनिष्ठेचा शब्द दिलाय,” वडील म्हणाले.

“त्या राजाला काष्टी कुठं हाय ते तरी ठावं हाय का?”

“नसेल.”

“तुमचंच पोरगं आत टाकलं त्यानं. लई गुणाचा राजा.”

 वडील म्हणाले, “मी म्हणणार. तुम्हाला म्हणवत नसेल, तर तुम्ही गप्प बसा.”

“चला, गप बसायची परवानगी तरी मिळाली,” पंच म्हणाले आणि उठले.

आमच्या उपासनेत पाद्री एकेक विनंती वाचतो आणि मंडळी उत्तर देते, “प्रभू, आमचं ऐक.” उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती वाचायची नाही, असा शिरस्ता. रविवारी आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलेलं होतं. वडिलांनी राजासाठीची विनंती वाचली. कुणीच उत्तर दिलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आईनंही नाही. मीही नाही.

वडील थांबले. मग पुस्तक ठेवून वेदीच्या पायरीवरून खाली आले, आमच्यातच तरटावर गुडघे टेकले आणि मंडळीचं उत्तर एकट्यानं दिलं. उठले, वर गेले आणि पुढचं वाचू लागले. मी तेरा वर्षांची होते. इतका एकटा आणि इतका न घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं बंदिवानांसाठीची विनंती आली. ती वाचताना ते मधेच थांबले. ओळ पुरी व्हायच्या आत सगळ्या देवळानं उत्तर दिलं. सगळ्यांत मोठा आवाज त्या म्हाताऱ्या पंचांचा होता.

बदलीचा अर्ज गेला नाही. मंडळी दर रविवारी त्या एका ओळीला गप्प बसे आणि वडील दर रविवारी खाली उतरत.

दीड वर्षानं भाऊ सुटला. पहिल्याच रविवारी तो पुढच्या तरटावर बसला. राजाची ओळ आली, तोही गप्प राहिला. वडील खाली आले. भावानं वर पाहिलं नाही, पण थोडा सरकला आणि त्यांना गुडघे टेकायला जागा करून दिली.