शेवटी कोण जगतं?

थिएटरातले दिवे लागले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या तोंडावर माझी शाल होती आणि ती मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

शालीच्या आतून ह्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. (नाही कळले तेच बरं.) पॉपकॉर्नचा डबा उलटा होऊन त्यातला निम्मा माल पुढच्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे दादी, मार डालोगी क्या उनको!" (खेळ मराठी, प्रेक्षक मराठी, पण भोपाळच्या मराठी माणसाला घाबरायचं असलं की हिंदीच आठवतं.)

"मारत नाहीये, वाचवतेय!" मी ओरडले.

आता भर थिएटरात नवऱ्याचं नाक-तोंड दाबून धरलेली बाई "वाचवतेय" म्हणाली, तर कोणाला पटणार? मलाही पटलं नसतं.

ह्यांचं आयुष्य गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात लोखंड कापण्यात गेलं. एकदा मशिनीत बोटाचं टोक गेलं, तर रुमाल गुंडाळून घरी आले आणि आधी चहा मागितला. असा माणूस! पण पडद्यावर कोणाच्या आईने मुलाला नुसता डबा भरून दिला की ह्यांचे डोळे वाहायला लागलेच. "रडलो नाही तर पिक्चर बघितल्यासारखं वाटत नाही," असं ह्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, रडायचंच असेल तर घरी कांदे आहेत.

मग ह्यांच्या छातीत दुखलं, रात्रंदिवस दवाखाना झाला, हृदयात नळी बसवली. घरी सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "माताजी, अंकलजी को टेन्शन मत देना." पिक्चरबद्दल ते काही बोलले नव्हते. ते मी माझ्या अकलेने जोडलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला: ज्या पिक्चरमध्ये माणूस मरतो तो पिक्चर बंद. आणि कुठलाही पिक्चर लावण्याआधी, ज्याने तो बघितलाय त्याला मी विचारणार, "शेवटी कोण जगतं?"

कोलार रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक झालं. लिफ्टमध्ये शेजारचे भेटले की नमस्काराच्या आधी सांगायचे, "आंटी, नया वाला देख लो, सब ज़िंदा हैं."

सून म्हणाली, "आई, शेवट आधीच कळला तर बघायचं काय?"

"आमटीत काय घातलंय हे माहीत असूनही आपण जेवतोच ना?"

आणि हे तिने तर बोलूच नये. ती पोळ्या लाटताना मोबाइलवर पिक्चर बघते, तोही वेग वाढवून. तिच्या पिक्चरमध्ये माणसं धावत धावत रडतात आणि हिरोला प्रेमात पडायला एक पोळी फुगण्याइतकाही वेळ लागत नाही.

पण पिक्चरच्या बाबतीत आमच्या घराण्यातलं शेवटचं कोर्ट म्हणजे शालूवन्सं. ह्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन इंदूरला गेली, मग परत भोपाळात, अशोका गार्डनला येऊन राहिली. बारसं असो की तेरावं, पंगत बसली की वन्सं निकाल द्यायला सुरू. हा हिरो नुसता केसांवर चालतो, ती हिरॉइन डोळे मोठे करते म्हणजे अभिनय केला असं तिला वाटतं. आमचे दोघींचे हिरोही वेगळे, त्यामुळे तोंडाला तोंड लागायचंच.

"वन्सं, तुमचा तो रडतो की शिंकतो, तेच कळत नाही!"

"अगं वहिनी, तुझा तर रडतच नाही. बिचाऱ्याला भीती, टोप हलेल म्हणून!"

भोपाळात मराठी पिक्चर मोठ्या पडद्यावर येणं म्हणजे पाहुण्याने न कळवता येणं. कधी येईल सांगता येत नाही. इथल्या मराठी मंडळाची माणसं घरोघरी फोन करून लोक जमवतात, तेव्हा कुठे थिएटरवाला रविवारी सकाळचा एक खेळ देतो. तो चुकला की चुकला. यंदा बाप-लेकीचा पिक्चर येणार म्हणून कळलं आणि हे हट्टालाच पेटले. दुखणं झाल्यापासून थिएटरची पायरी चढले नव्हते. रविवारी सकाळी उठून स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायला लागले. लग्नातसुद्धा केला नसेल.

मी आदल्या दिवशीच वन्संना फोन लावला होता. त्यांनी तो पिक्चर पुण्याला लेकीकडे गेल्या असताना बघितला होता.

"वन्सं, शेवटी कोण जगतं?"

"सगळे जगतात गं."

"बाप?"

"ठणठणीत! दवाखान्यात आहे, पण बोलतोय की चांगला. विनोदबिनोद करतोय."

"नक्की ना? तुमच्या दादाच्या छातीचा प्रश्न आहे."

"अगं, मी ह्या डोळ्यांनी बघितलाय! मी पुन्हा येते तुमच्याबरोबर, मग तर झालं?"

झालं. आता ह्या डोळ्यांनी बघितलेल्या माणसावर आणखी किती अविश्वास दाखवायचा?

थिएटरात उजवीकडे हे, डावीकडे वन्सं, मध्ये मी. पहिला अर्धा भाग छान गेला. लेक सासरी निघाली तेव्हा हे रडले, पण ते साधं रडणं होतं, त्याला माझी परवानगी होती. मध्यंतरानंतर बाप आजारी पडला. पुढच्या रांगेतल्या अंबाड्याच्या बाई हुंदके द्यायला लागल्या. मी वाकून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "काही होत नाही हो त्याला. बघाच तुम्ही."

पडद्यावर बापाला दवाखान्यात नेलं. तो बोलला, विनोदही केला. वन्सं अगदी खरं सांगत होत्या! मग त्याला धाप लागली. नर्स धावल्या. लेकीला बाहेर काढलं, दार बंद झालं. मशीन टुक टुक करायला लागलं. आणि माझ्या डावीकडे वन्संनी पर्स खांद्याला लावली.

"कुठे निघालात?"

"गाडी काढते. नंतर फाटकात फार गर्दी होते."

"अहो, पण शेवट?"

"शेवट कोण बघत बसतं, वहिनी! मी तर आयुष्यात नाही बघितला." आणि गेल्या.

आमचे नंदावे, म्हणजे वन्संचे यजमान, स्कूटर बाळगून होते. गर्दीत स्कूटरला ओरखडा पडू नये म्हणून पिक्चर संपायच्या आधी बायकोला उठवायचे. नंदावे गेले, स्कूटर गेली, वन्संकडे गाडी आली, पण उठायची सवय राहिली. पुण्यात तर त्या रिक्षाने गेल्या होत्या. तरी उठल्या! म्हणजे इतकी वर्षं पंगतीत ज्या पिक्चरांचे निकाल लागले, त्यातल्या एकाचाही शेवट ह्या बाईने बघितलेला नव्हता. तिने मला जिवंत म्हणून सांगितलेली सगळी माणसं फक्त ती गाडी काढायला निघेपर्यंत जिवंत होती!

इकडे मशीनचा आवाज लांबत चालला. उजवीकडे ह्यांचा श्वास जोरात यायला लागला. मी बघितलं तर हे पुढे वाकलेले, हात छातीवर. (शर्टावर सांडलेलं पॉपकॉर्न झटकत होते, हे नंतर कळलं.) ह्यांना उठवून बाहेर न्यायला वेळ नव्हता. मी शाल काढली आणि ह्यांच्या डोक्यावरून टाकली. ह्यांनी ती ओढली. मी पुन्हा दाबली. मग कोणीतरी किंचाळलं आणि दिवे लागले.

मंडळात एक डॉक्टर होते, ते धावत आले. दातांचे. पण वेळेला दातांचे तर दातांचे. त्यांनी ह्यांची नाडी बघितली.

"काकांची तब्येत छान आहे. काकू, तुमचा हात द्या बरं." माझी नाडी बघून ते म्हणाले, "तुम्ही आधी खाली बसा."

शालीतून हे बाहेर आले. चष्मा एका कानावर लोंबत होता. "अगं बाई, चाललंय काय तुझं?"

"बघू नका पुढचं. मरतो तो."

"कोण?"

"बाप!"

अख्खं थिएटर एका सुरात ओरडलं, "अहो आजी!" अंबाड्याच्या बाई उठून उभ्याच राहिल्या. "मघाशी म्हणालात काही होत नाही, आणि आता म्हणता मरतो?"

"मला काय माहीत? मी कुठे बघितलाय!"

मंडळाचे सेक्रेटरी हात जोडत फिरत होते, "बसा हो, बसा. थिएटरवाला पुढच्या वेळी खेळ देणार नाही." तोवर मला कोणीतरी पाणी दिलं. ह्यांनी शालीची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "चला घरी."

"मी दवाखान्यात आत होतो," हे हळूच म्हणाले, "तेव्हा तुला कोणी शेवट सांगितला होता?"

कोणी नव्हता सांगितला. मी विचारलं होतं. डॉक्टरांना, नर्सला, फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा. सगळे म्हणाले, "देखते हैं." ह्यांच्या चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले होते.

"मग उठून गेलीस का?"

"कुठे जाणार होते? तुमच्या चपला होत्या माझ्याकडे."

"मग बस आता."

दिवे मालवले, पिक्चर पुढे सुरू झाला. मी ह्यांचा हात धरला. (नाडी बघायला. उगाच भलतं समजू नका.) दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, आणि बाप गेला. लेक काही ओरडली वगैरे नाही. नुसती बाकावर बसून राहिली. हे मनसोक्त रडले, नाक शिंकरलं, आणि माझ्या कानात म्हणाले, "काम मस्त केलंय पोरीने." ह्यांची नाडी जागची हलली नाही. माझ्या कानात मात्र ढोल वाजत होते. दातांच्या डॉक्टरांनी जाता जाता पुन्हा माझा हात बघितला आणि उद्याच्या उद्या रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

बाहेर आलो तर फाटकात गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ. सगळ्यांच्या पुढे, फाटकाच्या बरोबर मध्ये, शालूवन्सं गाडी आडवी लावून आमची वाट बघत होत्या. मला बघून त्यांनी काच खाली केली.

"इतका उशीर? काय झालं गं शेवटी? कोण जगलं?"

जन्मात पहिल्यांदाच विचारत होत्या.

"पिक्चरमधला बाप गेला," मी म्हटलं.

"अगं बाई! आणि दादा?"

दादा मागचं दार उघडून बसले होते आणि भूक लागली म्हणत होते.

हे जगले. मीही जगले. रक्तदाबाची गोळी तेव्हापासून मला आहे.