नऊ चाळीसची ओळ

सावळेरामकडे घड्याळ नव्हतं. त्या सोमवारी किती वाजले होते, हे त्याला समजलं ते सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरून. नाचणीची निंदणी करताना त्याच्या बायकोच्या, साळुबाईच्या हाताला घोणस चावली. तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणून बसवलं आणि तो गाडी आणायला तळेघरच्या बाजूला पळत सुटला. दवाखान्यातल्या शिपायानं भिंतीकडं पाहिलं आणि वहीत लिहिलं: सर्पदंश, गाडी पाहिजे, सावळेराम, नऊ चाळीस.

गाडी नव्हती. श्रावणातल्या गर्दीसाठी ती भीमाशंकरला गेली होती.

"यील इतक्यात. बसा," शिपाई म्हणाला.

तो बाकड्यावर दोन तास बसला. मग परत पळाला. साळुबाईचा हात खांद्यापर्यंत सुजला होता. दुसरं काही हाती नव्हतं म्हणून त्यानं भगताला बोलावलं. भगताचे मंत्र चाललेले असतानाच एक जीप मिळाली. दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजले होते. दवाखान्याच्या कागदावर वेळ म्हणून तेवढेच दोन राहिले.

वस्तीवर भगत सगळ्यांनी पाहिला होता. दवाखान्यातलं बाकडं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांची मुलगी आरती आळेफाट्याला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. आईच्या दहाव्यानंतर तिनं एकच विचारलं, "आबा, साप नवाला चावला. दोनपर्यंत आईला भगतापुढं बसवली?"

"आधी दवाखान्यात गेल्तो, बाय. भगत नंतर."

"कोण सांगतंय?"

"वहीत हाय."

"मग आणा वही," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती घरी आली नाही.

घोडेगावला तहसीलच्या बाहेर टायपिंग करणाऱ्या राजरत्ननं त्याला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. महिन्यानं उत्तर आलं: वहीत इतर रुग्णांची नावं असल्यानं माहिती देता येत नाही. राजरत्ननं अपील लिहिलं. सुनावणीला सावळेराम धुतलेली टोपी घालून गेला. समोर अपील ऐकणाऱ्या मॅडम होत्या.

"बाबा, दुसऱ्यांची नावं तुम्हाला कशी द्यायची?"

"त्यांच्यावर कागद ठिवा, मॅडम. माझी नऊ चाळीसची एक वळ द्या."

"तशी पद्धत नाही."

"एकच वळ हाय. लई मोठी बी नाय."

मॅडमनी सही केली. अपील फेटाळलं.

"मामा, सोडायचं का?" राजरत्ननं विचारलं.

"सोडून जाऊ कुठं?"

दुसरं अपील पुण्याला आयोगाकडं गेलं. नाचणी तीनदा पेरली, तीनदा काढली. दर पावसाळ्यात तो त्याच तुकड्यात निंदायला उतरायचा. गवत उपटताना हात जपून घालायचा आणि नऊ चाळीस, नऊ चाळीस म्हणायचा. मोठ्यानं नाही. शेवटी आयोगाचा आदेश आला: इतरांची नावं झाकून ती नोंद द्यावी. राजरत्ननं स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

पंधरा दिवसांनी पोस्टमननं दवाखान्याचं पत्र दिलं. सावळेरामनं ते बांधावर बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'सदर नोंदवहीचे निंदणीकरण करण्यात आले आहे. कळावे.'

त्याला कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. तो रेंजसाठी टेकाडावर चढला आणि आरतीला फोन लावला.

"बाय, वहीची निंदणी झाली."

"म्हंजे?"

"निंदणी गं. दुसऱ्यांची नावं काढली आसंल. आपली वळ ठिवली. आता साफ दिसंल."

मग ती म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय. येते."

शनिवारी तो नक्कल आणायला म्हणून घोडेगावला गेला. राजरत्ननं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मशीनवरचे हात खाली घेतले.

"मामा, ही तुमची निंदणी नाय. मुदत संपली की जुने कागद नष्ट करतात, त्याला हे म्हणतात. वही गेली."

"समदी?"

"समदी."

"आरं, निंदणीत पीक ठिवत्यात ना, भाऊ?"

पुढं आणखी एक अर्ज करता येईल, असं राजरत्न म्हणाला. सावळेराम तोवर उठला होता.

आरतीला येऊ नको म्हणून सांगायला तो संध्याकाळी टेकाडावर गेला. फोन काढला, आणि तसाच खिशात ठेवला.

रविवारी ती तळेघरला उतरली. तो तिला घ्यायला आला होता. तिनं आईची एक साडी नेसली होती. फाट्यावरच उभी राहून तिनं त्याच्या पिशवीतले सगळे कागद वाचले: अर्ज, नकार, अपील, आदेश आणि शेवटचं पत्र.

"वही नाय मग."

"नाय."

"किती वाजले व्हते म्हणालात?"

त्यानं तोंड उघडलं. भिंत आठवली, बाकडं आठवलं, शिपायाचा हात आठवला. काटे दिसेनात. तीन वर्षं जे म्हणत आला ते त्यानं पाहिलं होतं, की नुसतंच म्हटलं होतं?

"नऊ..." तो म्हणाला.

आरती वाट पाहत उभी राहिली. भीमाशंकरहून परतणारी एसटी फाट्यावर थांबली. तिनं कागद नीट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवले, आणि ती चढली.