शेवटच्या तोफेचा दोर

आमच्या घरात लढाऊ जहाज आलं ते मुलानं मुंबईहून आणलेल्या खोक्यातून, सुट्या तुकड्यांत. यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी बोटीवर जाणं बंद म्हणून सांगितलेलं. मिरकरवाड्याच्या बंदरात जन्म काढलेला तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस, मासेमारीच्या दिवसांत कधी घरी सापडला नाही, तो आता सकाळ-संध्याकाळ माझ्या चुलीशी! आमटीत कोकमं जास्त पडली, बांगडा असा नाय चिरत. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला. "या वयात खेळणं कसलं?" म्हणत यांनी आधी खोक्याला हात लावला नाही. मग एका दुपारी उघडलं आणि त्यातच गुंतले.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण धाकधूक होतीच. बोट आता माझा दीर चालवतो. त्याला यांनी छातीठोक सांगून टाकलं होतं, "हे जहाज झालं की नारळी पौर्णिमेनंतर मी येतो तुझ्याबरोबर." दीर म्हणतो, दादा नुसता बसून राहील. नुसता बसेल म्हणे! जाळं ओढायला पहिला हात यांचाच. आणि खोल दर्यात छातीत कळ आली तर? मी दोघांनाही फाडफाड बोलले. ऐकतंय कोण!

लाकूडकाम, शिडं भराभर झाली. अडलं ते तोफांपाशी. तोफेच्या गाड्याला मागून एक जाड दोर, शिवाय दोन्ही बाजूंना कप्प्यांतून ओवलेले बारीक दोर. कप्पी मोहरीएवढी. खोक्यातला दोरा बघून हे भडकले. "अगो, हा बघ! या मापानं जहाजावरचा खलाशी माझ्या नखाएवढा. त्याच्या हातात हा दोर मांडीएवढा व्हायचा. ओढेल कसा तो बिचारा?" नसलेल्या खलाशाची केवढी काळजी! माझी कधी केली नाही एवढी. मग माझा शिवणाचा डबा लुटला गेला. बारीक दोरा मेणावरून ओढायचा, हवा तिथे दोन पदरी पीळ द्यायचा, सुईनं कप्पीतून काढायचा. सुई ओवायचं काम माझं, कारण यांना चष्म्यातून भोक दिसायचं नाही.

एकेक तोफ यांनी अशी आवळून बांधली की बोट लावली तरी हलू नये. बोटीवर ढिला दोर दिसला की खलाशांना शिव्या घालणारा माणूस, दुसरं काय करणार? सगळ्या तोफा बांधून झाल्या आणि मुलानं फोनवर जुन्या तोफेचा व्हिडिओ पाठवला. तोफ उडाली तशी धाडकन मागं आली आणि मागचा जाड दोर ताणून थांबली. मागं आल्याशिवाय तिच्या तोंडात पुन्हा दारू भरता येत नाही. म्हणजे तो दोर ढिलाच हवा! यांनी व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. मग म्हणाले, "माझ्या तोफा एकदाच उडतील, आणि जहाजाची बाजू उचकटून नेतील." ब्लेड घेतलं आणि सगळे दोर सपासप कापले. यांचा चेहरा पडला होता, आणि मी मात्र आत जाऊन शिरा केला. तेवढेच दिवस नवरा घरात!

पण हात बसला होता, काम पुन्हा उरकलं. नारळी पौर्णिमा झाली, आणि बोटी सुटायच्या आदल्या संध्याकाळी जहाज पुरं झालं. सगळ्या तोफा खिडक्यांतून बाहेर डोकावत होत्या, मागचे दोर मापात ढिले. मी मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढली. मग यांची पिशवी भरायला घेतली, गोळ्या सगळ्यात वर ठेवल्या. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि हे दारातून बघत होते.

सकाळी दीर बोलवायला आला. हे टेबलावर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "तू हो पुढं. ही एक तोफ राहिलीय. अर्धवट टाकून यायचं नाय मला."

दीर हसला, चहा पिऊन गेला. मी टेबलाजवळ गेले. एका तोफेचे काल पुरे झालेले दोर यांनी पुन्हा कापून बशीत ठेवले होते, बाजूला ब्लेड.

बंदरावर इंजिनं सुरू झाली. यांनी डोळे पुसले आणि सुई माझ्यापुढं धरली.

"ओवून दे गो," म्हणाले.

मी ओवून दिली.